घरकुलाचे घर आणि गावाची नजर

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना येथील व्याख्यानाचा सारांश)



घरकुलाच्या वस्तीविषयी गावोगाव जी भाषा बोलली जाते, ती प्रथम तपासून पाहिली पाहिजे. 'सरकारचे जावई', 'फुकटचे घर' हे शब्द पारावर सहज उच्चारले जातात. परंतु त्यांच्या आड गावकुसाची जुनी भिंत उभी आहे. जातीने ज्यांना कुसाबाहेर ठेवले, त्यांचीच घरकुले बहुधा गावाच्या कडेला, गायरानालगत उभी राहतात.

'फुकट' या शब्दाचा हिशेब मांडून पाहावा. इंदिरा आवास योजना १९८५ साली सुरू झाली. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेने घेतली, तेव्हा सपाट प्रदेशातील २५ चौरस मीटरच्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. ही रक्कम एकदम हाती पडत नाही. बांधकाम वर चढेल तसा हप्ता सुटतो. सिमेंटचा दुकानदार मात्र हप्त्यासाठी थांबत नाही. मग मजूर उसनवारी करतो, सावकाराचे दार ठोठावतो किंवा ऊसतोडीची उचल घेतो. अशा घराला फुकटचे म्हणणे हा श्रमाचा अपमान आहे.

उलट, शहरातील नोकरदाराला गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळत आली. २०१७ साली तर वर्षाला १८ लाख रुपये मिळविणाऱ्या कुटुंबांपर्यंत व्याजाचे अनुदान पोहोचविण्यात आले. त्यांना कोणी सरकारचे जावई म्हटले नाही. मदत तीच, पण धनिकाच्या वाट्याला आली की सवलत आणि गरिबाच्या वाट्याला आली की भीक, असा हा न्याय आहे.

तथापि, दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या शेतकऱ्याचा राग समजून घेतला पाहिजे. त्याचेही घर गळते आणि यादीत त्याचे नाव नसते. २०१६ ची योजना २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवर आधारलेली होती; तीत अनेक गरजू सुटले. ही तक्रार खरी आहे. परंतु तिचा रोख यादी करणाऱ्या व्यवस्थेवर असावा, शेजाऱ्याच्या छपरावर नव्हे. दोन गरीब एकमेकांशी भांडत राहिले की व्यवस्था निर्धास्त होते.

गायरानाचा प्रश्नही असाच आहे. २०११ साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यास सांगितले; पण शासकीय आदेशाने भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींच्या बाबतीत अपवादाला वाव ठेवला. निकालाचा पहिला भाग सांगणाऱ्यांनी दुसराही सांगावा.

म्हणून ग्रामसभेने यादी जाहीर वाचावी; सुटलेल्यांची नावे ठराव करून पुढे पाठवावीत; घरकुलाच्या वस्तीला गावठाणाइतकेच पाणी, दिवे आणि रस्ता द्यावा. आणि 'लाभार्थी' हा शब्द कार्यालयाच्या कागदावरच राहू द्यावा. गावात ती माणसे गावकरी आहेत.