माथेरानचे आमचे घर



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

माथेरानला मामंजींनी बांधलेले आमचे दोन खोल्यांचे घर आहे. नेरळहून १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी वर जाते. मोटारीने गेले तर ती दस्तुरी नाक्यावरच थांबते. पुढे पायी, घोड्यावर वगैरे.

"तुमची काय बाई मजा!" असे शेजारणी म्हणतात. खरे सांगू? पुष्कळ वर्षे मुंबईची चूल सोडून माथेरानची चूल, एवढाच मला बदल. पावसाळ्यानंतर दार उघडावे तर भिंतींना बुरशी, गाद्यांना कुबट वास, आणि मागोमाग पाहुणे. माकडे डबे पळवीत, ते निराळेच.

गेल्या वर्षी भावोजींनी घर विकायचे काढले. मला हायसे वाटायला हवे होते. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिथल्या तांबड्या वाटेवर पहाटे मी एकटी फिरते. कुठे चाललीस, असे कोणी विचारीत नाही. लग्नानंतर तेवढीच माझी मोकळीक. मग धीर करून बोलले, "घर ठेवू या, पण तिथला स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा." ह्यांनी मान डोलावली.

यंदा दिवाळीत भावोजींनी पोहे केले. खारट झाले होते, पण पायरीवर बसून मी आयते खाल्ले!

भगिनींनो, घरच्या बाईलाही जिथे सुट्टी मिळते, तेच सुट्टीचे घर.