आधी त्याच्या पायांजवळ

(वार्षिक उपकारस्तुती सभेत वसतिगृहाच्या एका सेवकाने दिलेला संदेश)



दर वर्षी या सभेत आम्ही तुम्हांला कामाचा हिशोब देतो. मुले किती, तांदूळ किती लागला, दवाखान्यात किती जणांना नेले. तो हिशोब अहवालात छापला आहे. आज मला माझा स्वतःचा हिशोब द्यायचा आहे.

आमच्या डोंगराळ भागातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात. आईबापांबरोबर मुलेही गेली की शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून आपले वसतिगृह आहे. मागच्या वर्षी तिथे नव्या खोल्यांचे बांधकाम सुरू होते. पहाटेपासून माझा फोन वाजायचा. वाळू, पत्रे, गवंडी, मुलांचे दाखले, कुणाचा ताप. माझी वैयक्तिक प्रार्थना गाडी चालवताना व्हायची, तीही घाट संपेपर्यंत. पवित्र शास्त्र उघडायचो ते संदेशाची तयारी करायला. मला वाटायचे, हे सगळे देवाचेच काम आहे ना, मग तो समजून घेईल.

एका रविवारी दुपारी मुले पडवीत ‘उपासना-उपासना’ खेळत होती. चौथीतला एक मुलगा ‘भाऊ’ झाला होता. भाऊ म्हणजे मी. त्याने डोळे मिटले, हात जोडले आणि एका दमात म्हणाला, “हे प्रभू, धन्यवाद, आमेन!” लगेच खिशातून साबणाची रिकामी वडीपेटी काढून कानाला लावली. “हां, बोला! सिमेंट आलं का?” सगळी मुले खदखदून हसली. दाराआड उभा राहून मीही हसलो.

रात्री मात्र झोप आली नाही. ते पोर खोटे काहीच बोलले नव्हते. तीन वर्षे ते आमच्या पंगतीला जेवत होते. देवाशी कसे बोलतात हे त्याने माझ्याकडूनच पाहिले होते. ते त्याला असे कळले होते, की ही पुढच्या फोनच्या आधी उरकायची गोष्ट आहे.

बंधुभगिनींनो, लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढा. मार्था आणि मरीयेची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण तिच्या अगदी आधी कोणती गोष्ट आहे ते पाहा. चांगल्या शोमरोन्याची! रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला सोडून पुढे जाऊ नका, हे प्रभूने आधी शिकवले, आणि लगेच बेथानीतल्या घरात त्याच्या पायांजवळ बसून ऐकणाऱ्या मरीयेची बाजू घेतली. तेव्हा ‘मी प्रार्थना करतो’ म्हणून तापलेले लेकरू दारात ठेवण्याची मुभा आपल्याला नाही. पण लेकरांची सेवा करतो म्हणून प्रभूकडे पाठ फिरवण्याचीही मुभा नाही. मार्थेचा स्वयंपाक चुकीचा नव्हता. ज्याच्यासाठी तो चालला होता, त्याच्याकडे बघायला तिला वेळ उरला नव्हता.

मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमचा प्रसंग आहे. संध्याकाळी सगळे गाव आजाऱ्यांना घेऊन दारात उभे होते. प्रभूने पुष्कळांना बरे केले. दुसऱ्या दिवशी अजून अंधार असतानाच तो उठून एकांतात गेला. शिमोन शोधत आला, की सगळे तुमचा शोध करत आहेत. प्रभू मात्र पुढच्या गावांकडे निघाला. गरज कफर्णहूमातही होती. कुठे जायचे हे त्याने दारातल्या गर्दीवरून ठरवले नाही, पित्याजवळ बसून ठरवले. खुद्द त्याला हे लागत होते, तर तुमचे-माझे त्यावाचून कसे भागेल?

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवांसाठी एवढे मोठे काम उभे राहिले, तरी मन भुकेले होते. आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त हवा होता. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणले, ते यानंतर. मुक्तीचे काम सगळे जग पाहते. त्याखालचे मूळ रमाबाईंनी स्वतः दाखवून ठेवले आहे.

मग आम्ही काय केले? फार मोठे काही नाही. रोज पहाटे अर्धा तास माझा फोन स्वयंपाकघरात मावशींकडे असतो. कुणी आजारी असेल तर त्या हाक मारतात, बाकी सगळे थांबते. पहिले काही आठवडे खरे सांगायचे तर मी पेंगलो. डोळे मिटले की सिमेंटच्या गोण्याच मोजल्या जायच्या. पण बसत राहिलो. हळूहळू मागण्यांची यादी संपली आणि ऐकायला जागा झाली. एका पहाटे ध्यानात आले, की ज्या मुलांसाठी खोल्या बांधल्या, त्यांच्या आईबापांना वर्षभरात मी एकदाही भेटलो नव्हतो. त्या आठवड्यात भट्टीवर गेलो. काही वाटायला नेले नाही. त्यांच्या झोपडीपुढे बसलो, काळा चहा प्यायलो, पोरांच्या गोष्टी सांगितल्या. एक आई रडली. म्हणाली, “आमच्याकडे कुणी नुसतं बसायला येत नाही.”

तुम्ही आमच्यासाठी देता, देवाचे आभार! देत राहा. पण एक विनंती आहे. आम्हांला पत्र लिहाल तेव्हा काम कसे चालले आहे हे विचारा, आणि त्याआधी विचारा, “तुमचे प्रभूशी कसे चालले आहे?” आणि हाच प्रश्न आज घरी गेल्यावर स्वतःलाही विचारा. मंडळीची कमिटी, गायनवर्ग, दानपेटी, सगळे चालू असेल. तुमच्या घरातले लहान मूल उद्या खेळात तुमची प्रार्थना करून दाखवू लागले, तर ते काय करील?

पडवीतला तो खेळ अजून चालतो. मी अजूनही दाराआड थोडा घाबरूनच उभा राहतो.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू, तुझे काम करता करता आम्ही तुलाच विसरलो, त्याची क्षमा कर. आमचे हात कामाला लागण्याआधी आम्हांला तुझ्या पायांजवळ बसव. आमेन.