घराआधी कागद



भिवंडी तालुक्यातील वळ गावी, जिथे भाताच्या खाचरांच्या जागी आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत, तिथे मी घरांची दलाली करतो.

गोदामात माल चढवण्या-उतरवण्यासाठी परमुलखातून आलेला माणूस खोली शोधू लागला, की भाडे तेवढे विचारतो; कागद विचारायचे राहून जाते.

म्हणून सुट्टीच्या दिवशी, दलालीचा विषय न काढता, अशा मंडळींना मी करारनामा वाचून दाखवतो. लोक याला समाजसेवा म्हणतात. मला तो धंद्याचाच भाग वाटतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये, भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे,
आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.

पुन्हा सांगतो, जबाबदारी घरमालकाची आहे.

अनामत रकमेचा आकडा करारात आहे ना, हे ओळीवर बोट ठेवून पाहावे.

घर विकत घ्यायचे असल्यास सातबारा, फेरफार आणि बिनशेती परवानगी पाहावी.
इमारत नवी असेल, तर प्रकल्पाची महारेराकडील नोंदणीही तपासावी.

तिथे प्रकल्पाप्रमाणे दलालाचीही नोंदणी असते. तेव्हा मंडळी, आधी दलालाचा नोंदणी क्रमांक विचारा. माझाही विचारा, संकोच करू नका.