वाकलेला कणा, वाढलेलं वय

(सनीव्हेल इथे मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



जेवणानंतरचं भाषण, तेही पाठीच्या कण्यावर. पहिली पाच मिनिटं तरी सगळे ताठ बसणार याची मला खात्री आहे. जरूर बसा. पण पोक काढून बसल्यामुळे स्कोलिओसिस होत नाही. दप्तराच्या ओझ्यानं होत नाही, लॅपटॉपनंही नाही. तेव्हा "तू नीट बसत नाहीस ना, म्हणून!" हे मुलीला ऐकवणं आजपासून बंद करू या.

मी सर्जन नाही, फिजिकल थेरपिस्ट आहे. ऑपरेशननंतर पेशंटला पलंगावरून उठवून उभं करायचं, चार पावलं चालवायचं, हे माझं काम. त्यामुळे मी जे सांगणार ते पलंगाशेजारून दिसतं तसं.

स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला वळतो आणि वळता वळता स्वतःभोवती पिळला जातो. म्हणून मूल पुढे वाकलं की एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात. एक्स-रेवर वाकाचा कोन मोजतात; त्याला कॉब कोन म्हणतात. १० अंशांपासून पुढे स्कोलिओसिस. वाढीच्या वयातल्या शंभरातल्या दोन-तीन मुलांत तो असतो, बहुतेकांत अगदी किरकोळ. वाढत जाणाऱ्या मोठ्या कोनांत मात्र मुलीच जास्त. बहुतेक वेळा कारण सापडत नाही.

हाडं वाढत असताना लक्षात आलं तर ब्रेस आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात ब्रेस लावलेल्या ७२ टक्के मुलांचा कोन वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. न लावलेल्यांत ४८ टक्के मुलांचा. पण आज मला बोलायचंय ते ज्यांची ती वेळ निघून गेली त्यांच्याबद्दल. सतरा, पंचवीस, पंचेचाळीस वर्षांच्या लोकांबद्दल.

ती वेळ निघून जाते कशी? अकरा-बारा वर्षांनंतर आपण मुलांची उघडी पाठ बघतच नाही. त्यात वर्षभर ढगळ हुडी. कॅलिफोर्नियाच्या शाळांत सातवीतल्या मुलींची आणि आठवीतल्या मुलांची पाठ तपासायची पद्धत आहे, पण आपल्या शाळेत ती होतेच असं धरून चालू नका. मग आरंगेत्रमचा ब्लाउज शिवताना शिंपी म्हणतो, "एक खांदा खाली आहे." डॉक्टरांआधी शिंप्याला कळलेल्या केसेस मी पाहिल्या आहेत!

आणि कळल्यावर? आधी एसएटी, मग कॉलेज, मग नोकरी, आणि "लग्न ठरेपर्यंत कुणाला सांगू नका." इथे थोडं गणित करू. वाढ थांबल्यावर कोन ३० अंशांच्या आत असेल तर तो सहसा तिथेच राहतो. ५० च्या पुढे असेल तर वर्षाला साधारण एक अंश वाढत जातो, विशेषतः छातीच्या भागातला वाक. अठराव्या वर्षी ५२ असलेला कोन चाळिशीत सत्तरीच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून ४५-५० अंशांच्या सुमाराला सर्जन ऑपरेशनचं नाव काढतात.

याचा अर्थ घाबरून धावायचं असा नाही. आयोवा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी उपचार न घेतलेल्या पेशंटांचा पन्नास वर्षं मागोवा घेतला. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. बहुतेकांनी संसार केले, नोकऱ्या केल्या, आयुष्यही इतरांइतकंच जगले. पाठदुखी मात्र जास्त, आणि दिसण्याची खंत होती. छातीतला वाक ८० अंशांच्या पुढे गेलेल्यांना दम लागण्याचा त्रास अधिक. मला हा अभ्यास आवडतो, कारण तो दोन्ही बाजूंच्या अतिशयोक्तीला लगाम घालतो.

आता ऑपरेशन. भागवतातली कुब्जा आठवते? कृष्णानं तिच्या पावलांवर पाय दाबला, हनुवटीखाली दोन बोटं धरली आणि वर ओढून तिला सरळ केलं. ट्रॅक्शनचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे वाचायला मिळालेलं नाही. माणसांना मात्र वेळ लागला. ह्यूस्टनच्या डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओच्या मुलांसाठी स्टीलची सळई वापरायला सुरुवात केली. त्यांचा लेख १९६२ चा. त्या सळईनं कणा ताणला जाई, पण कमरेचा नैसर्गिक बाकही सपाट होई. त्या काळात ऑपरेशन झालेल्या कित्येकांना पुढे सरळ उभं राहणं अवघड गेलं. आता मणक्यांत स्क्रू बसवून दोन्ही बाजूंना सळ्या घालतात, पीळ उलट्या दिशेनं फिरवतात आणि हाडाचा चुरा घालून तेवढे मणके एकसंध जुळू देतात. सळ्या तात्पुरता आधार. खरं काम ते जुळलेलं हाड करतं. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूचे संदेश सतत तपासले जातात.

इथे कुणीतरी विचारणारच, "आपल्या सनीव्हेलचा रोबो करतो का हे?" नाही. इंट्युइटिव्हचा दा विंची पोटातल्या, छातीतल्या मऊ अवयवांसाठी. मणक्यासाठी वेगळे रोबो आहेत, आणि ते स्क्रूची दिशा दाखवतात. निर्णय सर्जनचाच.

किशोरवयीन मुलं बहुधा दुसऱ्या दिवशी उभी राहतात, तीन ते पाच दिवसांत घरी जातात, महिना-दीड महिन्यात शाळेत. पहिला आठवडा कठीण असतो, ते लपवून ठेवू नका. मज्जातंतूंना इजा होण्याचं प्रमाण या वयात शंभरात एकाच्या आसपास किंवा कमी. चाळिशी-पन्नाशीनंतर चित्र बदलतं. वाक ताठर झालेला, मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या, नसा दबून पाय दुखणारे, हाडं ठिसूळ. कित्येकदा सळ्या कमरेच्या हाडापर्यंत न्याव्या लागतात. मोठ्या ऑपरेशनांत तिघांपैकी एकाला किंवा त्याहून अधिक जणांना काही ना काही गुंतागुंत होते. काहींना पुन्हा टेबलावर जावं लागतं. तरीही चालणं मुश्किल झालेल्या माणसाला ते करून घ्यावंसं वाटू शकतं, आणि त्यात वावगं नाही. फक्त प्रौढांत कोन किती उतरला यापेक्षा बाजूनं पाहिल्यावर डोकं कमरेच्या सरळ वर येतं का, हे महत्त्वाचं.

मुलींचे प्रश्न वेगळे असतात. नाचता येईल का? वरचेच मणके जुळवले असतील तर कंबर मोकळी राहते; बहुतेक जणी नाचतात. मूल होईल का? होतं. कमरेच्या खालपर्यंत सळ्या असतील तर बाळंतपणात एपिड्युरल देणं अवघड जाऊ शकतं, म्हणून आधी सांगायचं. आणि व्रण? इंग्लंडच्या राजकन्या युजिनीचं हे ऑपरेशन बाराव्या वर्षी झालं होतं. २०१८ साली लग्नात तिनं मुद्दाम पाठ उघडी दिसेल असा पोशाख शिवून घेतला. आपल्याकडे "पोरीच्या पाठीत लोखंड आहे" म्हणून कुजबुजतात. लोखंड नाही हो, बहुधा टायटॅनियम!

भारतात करावं का? मुंबई-पुण्यात उत्तम सर्जन आहेत. तिथे खर्चही बराच कमी. पण पुढची दोन वर्षं तपासायला कोण, हे निघण्याआधी ठरवा. इथे विम्याचं गणितही पाहा: पालकांच्या विम्यात मुलं २६ वर्षांपर्यंत राहू शकतात. व्हिसावर असलात तर एच-४ मात्र २१ व्या वर्षी संपतो. सर्जनला विचारा, असली ऑपरेशनं वर्षाला किती करता? कुठल्या मणक्यापासून कुठपर्यंत? नाही केलं तर पाच वर्षांनी काय? जुने एक्स-रे, भारतातलेही, बरोबर न्या. कोन वाढतोय की नाही हे एका फोटोवरून कळत नाही.

अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या संमतीच्या कागदावर सही तिची असते. डॉक्टर तिलाच विचारतात, आणि मग खोलीत आई-बाबा तिच्या आधी उत्तर देतात. त्या भेटीला आत जाण्यापूर्वी गाडीत तिला विचारून घ्या, तिला काय वाटतं. आता तुमचे प्रश्न घेते. कुणाला चारचौघांत विचारायचं नसेल तर चहाच्या टेबलाशी मी आहेच.