माझी झडप, तिची झडप
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून आपल्यात कोणाची शुगर किती आणि कोणाला बीपीची गोळी, हीच चर्चा चालू आहे. म्हणून मीही माझ्या हृदयाबद्दलच बोलते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण मोजणी कुठे चुकली ते शोधणं हे माझं रोजचं काम.

१९९८ मध्ये इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षेच्या दिवसांत छातीत धडधड व्हायची. इको काढला आणि कागदावर आलं : मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये दोन पाकळ्यांची झडप असते. हृदय आकुंचन पावताना ती मिटते. प्रोलॅप्समध्ये तिची पाकळी वरच्या कप्प्याकडे फुगते. आईने मात्र एवढंच ऐकलं, की पोरीचा व्हॉल्व्ह खराब आहे. "धावू नको माय, दम लागन!" शाळेत खो-खो गाजवणारी मी जिना चढतानाही नाडी मोजू लागले. लग्नाच्या बोलणीतही तो कागद निघालाच.

बारा वर्षांनी दुसरीकडे पुन्हा इको झाला. झडप अगदी चांगली निघाली.

मग मी वाचायला घेतलं. या झडपेच्या आवाजाचं कोडं जोहान्सबर्गच्या डॉ. जॉन बार्लो यांनी १९६३ मध्ये उलगडलं. पुढे इको आला आणि प्रोलॅप्स भराभर सापडू लागला. काही पाहण्यांत तर शंभरात पाच ते पंधरा जणांना! झडपेचं कडं सपाट नसतं, खोगिरासारखं वाकलेलं असतं. त्यामुळे एका कोनातून पाहिलं की निरोगी पाकळीही फुगलेली दिसते. हे लक्षात आल्यावर निकष कडक झाले : योग्य कोनातून पाहून, पाकळी कड्याच्या २ मिलिमीटरहून जास्त वर गेली तरच प्रोलॅप्स. या निकषाने अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात ३,४९१ जण तपासले, त्यांत ८४ सापडले. म्हणजे २.४ टक्के. हे १९९९ मध्ये छापून आलं, माझ्या कागदानंतर वर्षभराने. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येणं या तक्रारीही त्यांच्यात इतरांहून जास्त नव्हत्या.

हृदयरोगाच्या दवाखान्यात हे प्रमाण जास्त दिसणारच, कारण धडधड होणारेच तिथे जातात. तो आकडा गावाला लावता येत नाही. मात्र ज्यांची झडप खूप गळते, त्यांचा आजार खरा असतो. त्यांना कधी शस्त्रक्रियाही लागते. त्यांनी माझं ऐकून तपासणी टाळू नये.

आता दुसऱ्या झडपेबद्दल. माझ्या शेजारच्या बाकावर कोण बसायची, ते तुम्हा सर्वांना आठवतं. आठवीत तिचा घसा दुखला, मग ताप आला आणि आज गुडघा तर उद्या मनगट सुजायला लागलं. आपण म्हणालो, अशक्तपणा आहे. तो संधिवाताचा ताप होता. आपल्या देशात मायट्रल झडप बिघडण्याचं हे फार मोठं कारण आहे. वेळेवर ओळखून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू ठेवलं, तर झडप बऱ्याचदा वाचते. तिचं कळलं ते पहिल्या बाळंतपणात, श्वास अडकल्यावर. तोवर झडप पार अरुंद झाली होती. आज ती आपल्यात नाही.

माझी झडप चांगली होती, तिच्यावर बारा वर्षं पहारा होता. तिची बिघडत होती, तिकडे कोणी पाहिलं नाही.

आपल्यातले कितीतरी जण आज शिक्षक आहेत, आईबाप तर सगळेच. पोराचा घसा दुखल्यावर सांधे सुजले तर त्याला डॉक्टरकडे न्या. आणि घरात प्रोलॅप्सचा जुना कागद असेल तर घाबरू नका, पुन्हा इको करून एवढंच विचारा : झडप गळते का, आणि किती?

संध्याकाळी मैदानावर खो-खो आहे. मी खेळणार आहे. दम लागला तर तो वयाचा समजा.