आपल्या माणसांचा अभिमान



अर्थकारण, इतिहास, विज्ञान अशा भारदस्त विषयांची परंपरा असलेल्या या व्यासपीठावर आम्ही आज घरातला विषय घेऊन उभे आहोत. आपल्या माणसांच्या गुणांचा आणि कर्तृत्वाचा अभिमान कसा बाळगावा, हा तो विषय. यात शिकण्यासारखे काय आहे, 'आपला तो बाब्या' हे तर प्रत्येकाला न शिकवताच येते, असे कोणी म्हणेल. पण बाब्याचे कौतुक निराळे आणि माणसाचा अभिमान निराळा, असे आमचे म्हणणे आहे.

आपली रीतच पाहा. मुलगा परीक्षेत पहिला आला की आई पेढे वाटते, वडील कचेरीत चार जणांना सांगतात. मुलाला मात्र 'गणितात दोन गुण कुठे गेले?' एवढेच विचारतात. तोंडावर वाखाणले तर पोर शेफारते आणि कौतुक केले तर दृष्ट लागते, ही आपली समजूत. शिवाय हे पेढे यशाचे असतात. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे त्याच मुलाने परत नेऊन दिले, म्हणून कोणी पेढे आणल्याचे आमच्या पाहण्यात नाही. यश गावाला दिसते, शील बहुधा घरालाच दिसते. गाव ज्याची दखल घेऊ शकत नाही त्याची दखल घरच्यांनी घ्यायची नाही, तर कोणी घ्यायची?

ही दखल कशी घ्यावी, हे पाहायचे तर मराठीतील तीन स्त्रियांकडे जावे. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानांची प्रथा पाडणारे न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई, या पहिल्या. त्यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध केल्या. रानड्यांची विद्वत्ता साऱ्या देशाला ठाऊक होती. ती सांगण्यासाठी रमाबाईंची गरज नव्हती. त्यांनी सांगितली ती निराळी गोष्ट. सरकारी समितीच्या कामासाठी कलकत्त्यास मुक्काम असताना रानड्यांनी बंगालीची पुस्तके आणली आणि दाढी करायला आलेल्या न्हाव्याला अडलेली अक्षरे विचारीत ते वाचू लागले. रमाबाईंना हसू आवरेना. त्यावर दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले होते, याची आठवण रानड्यांनी करून दिली. एवढ्या मोठ्या माणसाला न्हाव्याकडून शिकताना कमीपणा वाटला नाही, हे घरातल्या माणसाने पाहिले, त्यावर ते हसले, आणि मग ते जपून ठेवले. हसू आणि अभिमान एकाच घरात सुखाने नांदू शकतात, हे आम्ही येथे शिकलो.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या 'स्मृतिचित्रे'त हे सारे आहे. टिळकांचा तापटपणा आहे, विसराळूपणा आहे, हातात पैसा न टिकणे आहे. काहीच झाकलेले नाही. तरीही पुस्तक मिटताना टिळकांची उंची तसूभर कमी होत नाही, उलट वाढते. ज्या अभिमानाला दोष लपवावे लागतात तो अभिमान कच्चा. दोष पुरते ठाऊक असून जो उरतो, तोच पक्का.

तिसऱ्या आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे. एका विधवेशी महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विवाह केला, त्या या. कर्व्यांचे कर्तृत्व पुढे जगाने मान्य केले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. परंतु १८९६ साली विधवांच्या आश्रमाची कल्पना निघाली तेव्हा जवळची जवळजवळ सगळी शिल्लक त्यांनी त्यात घातली. त्यागाची ही गोष्ट भाषणात फार गोड वाटते. घरात मात्र तिचा अर्थ मुलांच्या दुधाशी, कपड्यांशी आणि उद्याच्या धास्तीशी येऊन भिडतो. 'माझे पुराण'मध्ये बायांनी संसाराची ही ओढाताण मोकळेपणाने सांगितली आहे. आणि याच बाया आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या! नवऱ्याच्या शीलाची किंमत त्यांनी स्वतःच्या पदराने मोजली होती. म्हणून त्यांच्या अभिमानाला आम्ही सर्वांत वरची जागा देतो.

आता आपल्या घरांकडे वळू. सरकारी नोकरीतला एखादा गृहस्थ कंत्राटदाराचे पाकीट परत करतो. त्याच्या बरोबरीच्यांचे बंगले होतात आणि हा भाड्याच्या तीन खोल्यांत राहतो. निवृत्तीच्या दिवशी हार पडतात, सचोटीवर भाषणे होतात, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या घरच्या मंडळींची छाती फुगते. पण मधली तीस वर्षे घरात काय बोलले गेले? 'तुमच्याच्याने काही व्हायचे नाही' हेच ना? बाहेरच्या मोहाला पुरून उरलेला माणूस घरच्या टोमण्यांपुढे हात टेकतो. शीलाचा सन्मान हवा, पण त्याची झळ नको, असा हिशेब कोणत्याच वहीत जुळत नाही. झळ सोसणाऱ्या बायकामुलांची तक्रार खोटी असते, असे नव्हे. बायांचीही खोटी नव्हती. आमचे मागणे इतकेच की, तक्रारीच्या शेजारी एक वाक्य अभिमानाचेही असावे. आणि ज्याच्या शीलाची झळ घराला लागते, त्यानेही ती सोसणाऱ्यांचे मोठेपण ओळखावे. अभिमान हा एकाच बाजूने द्यायचा आहेर नव्हे.

शेवटी एक लहानशी नोंद. रमाबाईंचे पुस्तक रानडे गेल्यावर नऊ वर्षांनी आले. लक्ष्मीबाईंचे, टिळकांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी येऊ लागले. बायांचे पुस्तक मात्र १९४४ साली निघाले, तेव्हा कर्वे शहाऐंशी वर्षांचे होते आणि आपल्या बायकोने काय लिहिले आहे ते वाचू शकत होते. पुस्तके लिहिणे सर्वांना साधणार नाही. पण आपल्या माणसाबद्दल जे चांगले वाक्य आपण शोकसभेसाठी राखून ठेवले आहे, ते आज रात्री जेवताना त्याच्या कानावर घालणे कोणालाही साधेल. दृष्ट लागेल ही भीती असेल, तर मागाहून मीठमोहऱ्या ओवाळाव्यात. वाक्य मात्र टाळू नये.