मागील शिक्षणाची जमा आणि परिचर्येची पदवी



गेल्या ज्येष्ठांत एका सायंकाळीं आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी वडिलांसह माझ्या घरीं आली. सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय घेऊन ती बी. एस्‌सी. झालेली. आजीच्या दीर्घ दुखण्यांत तिनें दोन महिने रुग्णालयांत काढले, आणि तेव्हांपासून तिच्या मनानें घेतलें कीं, आपण परिचारिका व्हावयाचें. वडील म्हणाले, "गुरुजी, हिची इच्छा मी मोडीत नाहीं, पण कॉलेजांतलीं तीन वर्षें पाण्यांत गेलीं कीं काय, एवढें सांगा." एका दलालानें त्यांस असेंहि आश्वासन दिलें होतें कीं, मुलगी पदवीधर असल्यामुळें तिला थेट दुसऱ्या वर्षांत बसवून देतों, मात्र पैसे आगाऊ पाहिजेत.

हा प्रश्न एकाच घरचा नाहीं, म्हणून आज तो आपणांपुढें मांडीत आहें.

महाविद्यालयांतील अभ्यास मोजण्याचें जें माप आहे, त्यास 'श्रेयांक' म्हणतात. १९४७ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेनें २०२१ पासून बी. एस्‌सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आठ सत्रांत विभागून ह्या मापानें बसविला आहे. सत्रभर दर आठवड्यास एक तास व्याख्यान ऐकलें म्हणजे एक श्रेयांक होतो. प्रयोगशाळेंत तितक्याच श्रेयांकासाठीं आठवड्यास दोन तास लागतात, आणि प्रत्यक्ष रुग्णाजवळ चार तास. सत्र वीस आठवड्यांचें धरिलें, तर वर्गांतील एक श्रेयांक २० तासांचा आणि वॉर्डांतील ८० तासांचा होतो. हा हिशेब ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

प्रथम ह्या मुलीचीच गोष्ट घेऊं. बी. एस्‌सी. नर्सिंगच्या प्रवेशास बारावींत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. सर्वसाधारण विद्यार्थ्यास विज्ञानविषयांत मिळून ४५ टक्के गुण हवेत आणि वय १७ वर्षें पूर्ण हवें. महाराष्ट्रांत ह्यासाठीं सामायिक प्रवेशपरीक्षा आहे. इतर शाखेची पदवी हातीं असली तरी आरंभ पहिल्या सत्रापासूनच करावा लागतो. शरीररचना व शरीरक्रिया पहिल्या सत्रांत, जीवरसायन दुसऱ्या, आणि सूक्ष्मजीवशास्त्र तिसऱ्या सत्रांत. म्हणजे ज्या विषयांत ती पदवीधर झाली, त्याच विषयाच्या परीक्षेस तिला पुन्हां बसावें लागेल. दलालाचें 'थेट दुसरें वर्ष' हें निव्वळ आमिष होतें.

मग मागील शिक्षणाची जमा कोठेंच होत नाहीं काय? होते, पण तें शिक्षण परिचर्येचें असेल तर. जिनें 'जनरल नर्सिंग ॲण्ड मिडवाइफरी' हा तीन वर्षांचा पदविका-अभ्यासक्रम पुरा केला आणि राज्याच्या परिचर्या परिषदेंत नांव नोंदविलें, तिला 'पोस्ट बेसिक बी. एस्‌सी.' ह्या मार्गानें दोनच वर्षांत पदवी मिळते. तिनें वॉर्डांत घालविलेल्या दिवसांची ही जमा होय. पुढें एक वर्षाचा कामाचा अनुभव व आवश्यक गुण असल्यास एम्‌. एस्‌सी.चीहि वाट मोकळी होते. ज्या मुलींनीं बारावीस विज्ञान घेतलें नाहीं, त्यांनींहि निराश होऊं नये. पदविकेस कोणत्याही शाखेची बारावी, इंग्रजीसह ४० टक्के गुणांनीं उत्तीर्ण, चालते. तीन आणि दोन मिळून पांच वर्षें लागतात खरीं. पण पदविका हातीं येतांच नोकरी करून मिळवितां येतें, आणि बेताच्या प्राप्तीच्या घरांत ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्यापैकीं ज्यांच्या लेकीसुना अमेरिकेंत आहेत, त्यांस तिकडील रीत निराळी दिसेल. तेथें कोणत्याही विषयाच्या पदवीधरास परिचर्येची पदवी त्वरेनें घेण्याचे अभ्यासक्रम आहेत. सेंट लुइस विद्यापीठानें असा अभ्यासक्रम १९७१ सालीं सुरू केला. पुष्कळ ठिकाणीं तो ११ ते १८ महिन्यांत पुरा होतो, कारण भाषा, इतिहास इत्यादींचे जुने श्रेयांक धरले जातात. परंतु शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय आधीं उत्तीर्ण व्हावे लागतात, आणि विज्ञानाचा अभ्यास फार जुना झाला असल्यास कांहीं विद्यालयें तो मान्य करीत नाहींत. भारतांतील गुणपत्रिका असल्यास तिचें अधिकृत मूल्यमापनहि करून घ्यावें लागतें. पुस्तकी विषयांत तेथें सूट मिळते. रुग्णसेवेच्या तासांत मिळत नाहीं.

माझें मत विचाराल, तर आपला नियम थोडा कठोर आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरास त्या एका विषयाची सूट दिल्यानें कोणाचें नुकसान होईलसें वाटत नाहीं. पण वॉर्डांतील एक तासहि कमी करूं नये. मध्यरात्रीं रुग्णाचा श्वास बदलला हें ओळखणें पुस्तकानें येत नाहीं. आपला बाप किंवा आई त्या खाटेवर आहे अशी कल्पना करावी, म्हणजे हें तत्काळ पटेल.

१९०९ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण मिळवून दिलें, तेव्हां सोवळ्याओवळ्याच्या समाजानें नाकें मुरडलीं. आज नाकें मुरडणारे थोडे राहिले, तरी "पदवीधर होऊन नर्स?" हा उद्गार अजून सुशिक्षित घरांत ऐकूं येतो. वर्षांच्या हिशेबाआड पुष्कळदां तीच लाज दडलेली असते.

मीं त्या गृहस्थांस सांगितलें, "नियमाच्या वहींत हीं तीन वर्षें जमा होणार नाहींत. पण जंतु कसा वाढतो हें जी जाणते, ती हात धुतांना कंटाळणार नाहीं. दलालास एक पैसा देऊं नका. महाविद्यालयास परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं, तें स्वतः पाहून मगच अर्ज करा." मुलगी उठतांना हळूच म्हणाली, "गुरुजी, चार वर्षें लागलीं तरी चालतील. बाबांनीं मनापासून हो म्हणावें." वडील बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "चल, प्रवेशपरीक्षेचीं पुस्तकें घेऊनच घरीं जाऊं."

आपल्या घरांतहि असा प्रसंग आला, तर वर्षें अवश्य मोजावीं. पण मुलीचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें, इतकी विनंति करून आपली रजा घेतों.